पाण्याची गोळी

उमाबाई देगलूरहून आली तेव्हा अप्पांची पूजा चालू होती. तिनं पायरीवर चपला काढल्या, हळू आवाजात "शरणार्थ अप्पा" म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. लिंगपूजेला बसलेल्या माणसाला बोलवायचं नसतं, हे त्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. आत मल्लम्मा पुरण वाटत बसली होती. आज बसवजयंती. दोघं भाऊ आणि बहीण एका छताखाली येण्याचा वर्षातला हा एकच दिवस उरला होता, आणि तोही धड पार पडेल याची हमी अलीकडे कुणी देत नसे.

"लई उशीर केलीस गं," मल्लम्मा म्हणाली.

"उशीर कुठं अव्वा? अप्पाची पूजा तर अजून चालूच हाय."

मल्लम्मानं मान वर केली नाही. "ही तिसरी हाय," ती म्हणाली.

उमाबाईच्या हातातली पिशवी तशीच हातात राहिली. तीन पूजा आईनं पहिल्यांदा मोजल्या होत्या असं नाही. पण त्या आकड्यातला अभिमान गेला होता, आणि तो गेलेला तिनं आज पहिल्यांदा ऐकला.

कारण सुरुवात झाली तेव्हा ह्याच गोष्टीनं सगळ्या घराची मान ताठ झाली होती. अप्पा, म्हणजे चन्नबसप्पा, हे उदगीरच्या मोंढ्यातले, धान्यबाजारातले जुने आडते. तोंडानं फटकळ, वजनाला चोख आणि देवाधर्माला जेवढ्यास तेवढे. असा माणूस दिवसातून दोन-दोनदा, मग तीन-तीनदा इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे मिटून बसायला लागला, तेव्हा गावानं म्हटलं, वय झालं की शिवाची ओढ लागते. मठातले स्वामी स्वतः घरी येऊन गेले. उमाबाईनं सासरी सांगितलं, शेजारीपाजारी सांगितलं. तिची सासू, जिनं सुनेच्या माहेरचं मीठसुद्धा कधी खारट म्हटलं नव्हतं, ती मुद्दाम उदगीरला येऊन अप्पांच्या पाया पडून गेली.

सकाळी पूजा झाली आहे हे विसरल्यामुळं माणूस पुन्हा पूजेला बसतो, हे कुणाच्या मनात येणार? जेवलेलं विसरले असते तर दुसऱ्याच दिवशी घर घाबरलं असतं. किल्ली विसरले असते तर हसलं असतं. पण विसरण्यानं भक्तीचे कपडे घातले होते, म्हणून सगळ्यांनी त्याला हात जोडले. दोन वर्षं हात जोडले.

अप्पा पूजा आटोपून बाहेर आले. कपाळावर भस्माचे तीन ओले पट्टे, अंगावर स्वच्छ पांढरं धोतर. चाल जरा आखूड झाली होती, पाय जमिनीला घासत होते, पण चेहरा तोच, दुसऱ्याच्या धान्याला नाक मुरडणारा. उमाबाईला बघून ते उजळले.

"गंगम्मा! कवा आलीस? भावजी बरे हाईत का?"

गंगम्मा त्यांची बहीण. ती जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

"बरे हाईत," उमाबाई म्हणाली आणि पिशवी ठेवायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

---

त्या वर्षी पुन्हा दुष्काळ होता. उदगीरला दुष्काळ नवा नाही. नवा होता तो जिल्हा. म्हणजे होणार होता. उदगीर जिल्हा होणार ही बातमी आमच्याकडं आंब्याच्या मोहरासारखी आहे, दरसाल फुलते आणि दरसाल वाऱ्यावर झडते. तरी लोक फांदीखाली उभेच. अप्पांचं आडतीचं दुकान आता बघणारा थोरला मन्मथ तर जिल्हा कृती समितीचा सहचिटणीस होता. मोर्चा म्हणू नका, धरणं म्हणू नका, सगळ्यात पुढं. कलेक्टर कचेरी कुठं बसणार हे त्याला पक्कं माहीत होतं, फक्त ती येणार कधी तेवढं माहीत नव्हतं. घरामागच्या दोन बॅरलांत टँकरचं पाणी मात्र त्याची बायको महानंदा भरत असे, आणि ते कधी येणार हे तिला चांगलं माहीत असे.

धाकटा पंचाक्षरी नांदेडहून दुपारी जेवायच्या वेळेला पोचला. नांदेडला त्याचं औषधांचं दुकान. मागच्या आठवड्यात अप्पांना आणि अव्वाला नेऊन त्यानं तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, आणि डॉक्टर जे बोलले ते फोनवर सांगायला त्याची जीभ उचलली नव्हती. म्हणून आज तो आला होता. काखेत रक्तदाब मोजायचं मशीन होतं.

पुरणपोळी झाली, आमरस झाला. अप्पा आतल्या खोलीत आडवे झाले. बाकीचे पुढच्या खोलीत बसले. कूलर होता, पण कूलरला पाणी कुठलं. कोरडा पंखा उन्हाची झळ सगळ्यांना सारखी वाटत होता.

"सांग आता," मन्मथ म्हणाला. "काय म्हन्ला तुझा डॉक्टर?"

"माझा कामून? सगळ्यांचाच हाय." पंचाक्षरीनं घसा साफ केला. "मेंदूचा फोटो बघितला त्यांनी. आत बारीक बारीक रक्ताच्या नळ्या आसतेत. त्या बंद पडल्यात. एका जागी न्हाई, लई जागी. जिथं रक्त पोचलं न्हाई तिथला भाग सुकून गेला."

"म्हंजे लकवा?" उमाबाईनं विचारलं.

"लकव्याचे बारके भाऊ म्हन अक्का. इतके बारके की अप्पाला बी कळलं न्हाई अन् आपल्याला बी. मागं एका पावसाळ्यात सकाळी तोंड वाकडं झालतं, याद हाय का?"

होतं. सगळ्यांच्याच लक्षात होतं. सकाळी तोंड वाकडं झालं, चहा ओठातून गळाला. मल्लम्मानं लसणाचं तेल चोळलं, शेजारणीनं वारं लागलं म्हणून सांगितलं, आणि दुपारपर्यंत तोंड सरळ झालं. संध्याकाळी अप्पा मोंढ्यात जाऊन एका मापाड्याला शिव्या देऊन आले, तेव्हा तर घर अगदी निर्धास्त झालं.

"तवाच पळवायला पाहिजे होतं दवाखान्यात. ती इशाऱ्याची घंटा होती म्हन्ले."

"पर वयानं होतंय की बाबा इसरभोळेपना," उमाबाई म्हणाली. "आमच्या मामंजीचं न्हाई का झालं."

"वयाचं येगळं. हे बीपीनं झालंय." पंचाक्षरी थांबला. इथपर्यंतचं त्यानं बसमध्ये मनाशी घोकलं होतं. पुढचं घोकूनही सोपं झालं नव्हतं. "मी इचारलं त्यांना, साहेब, हे टाळता आलं असतं का. तर म्हन्ले, बरंचसं. अगदी समदं न्हाई, तरी लई वर्षं पुढं ढकलता आलं असतं. बीपी सांभाळायचं, साखर बघायची, तंबाखू सोडायची. एवढंच."

एवढंच. डॉक्टर ते रागानं बोलले असते तर पंचाक्षरीला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला होता आणि फार सांभाळून सांगितलं होतं. दिवसभर गल्ल्यामागं उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'गोळी चुकवू नका बरं' म्हणणारा माणूस तो, आणि त्याच्याच बापाचं हे.

"तंबाखू सुटली म्हना आता," मन्मथ म्हणाला. "मागायचंच इसरलेत." तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

"पर बीपीची गोळी तर चालू होती की!" उमाबाई म्हणाली. "मी दर खेपंला इचारत होते."

"बंद केलती," मल्लम्मा म्हणाली.

"कवा?"

"लातूरला रेल्वेनं पानी आलं त्या साली."

उमाबाईनं आईकडं बघितलं, मग भावांकडं, आणि शेवटी तिची नजर जिथं जायला टपलेलीच होती तिथं गेली. महानंदा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

"वैनी, तुमी बंद केलाव?"

"तिला काय इचारलालीस?" मन्मथ उसळला. "ह्याला इचार. नांदेडच्या शहाण्याला. त्याला इचारूनच बंद केलती."

पंचाक्षरीला तो फोन शब्द न् शब्द आठवत होता. दुकानात गर्दी होती. पलीकडून वहिनी बोलत होती की अप्पांना दोन गोळ्या आहेत, त्यातली एक पाण्याची आहे, तिच्यानं सारखी लघवी होते, आणि घरात पाण्याचा थेंब नाही, काय करायचं. त्यानं सुटे पैसे देता देता सांगितलं होतं, उन्हाळ्यात तसं बी कमी करतेत वैनी, राहू द्या, पाऊस पडला की चालू करा. ते अगदीच चूकही नव्हतं. कडक उन्हाळ्यात डॉक्टर ती गोळी कमी करतात. पण तिच्या बदल्यात दुसरी देतात, बीपी बघत राहतात. 'डॉक्टरला विचारा' हे दोन शब्द त्यानं म्हणायला हवे होते, आणि त्या दोन शब्दांना लागला असता तेवढा वेळ तर नक्कीच होता त्याच्याकडं.

"मी उन्हाळ्यापुरतं म्हन्लतो," तो म्हणाला.

"हां, म्हन्लतास. मग पाऊस पडल्यावर फोन केलास का?"

"तुमी ह्याच घरात राहता अण्णा! तुमाला दिसत न्हवतं?"

"मला काय दिसायचं? मानूस तीनदा देवाला बसलालाय, मी काय त्याला उठवू?"

"भांडू नका," मल्लम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण दोघं गप्प झाले. "त्यांनी बी म्हन्लं, मी बी म्हन्ले. रात्रीतून उठायचे, उठलं की बादलीभर पानी. त्येच म्हनायचे, हा कुठला धंदा मल्लम्मा, प्यायचं बी जास्त अन् टाकायचं बी जास्त, दोन्हीकडून खोट. मग बंद केली. एक बंद झाली म्हनल्यावर दुसरीला कोन इचारतंय. ती बी ऱ्हायली."

त्या साली पाऊस पडला, आणि नदीनाले फुटेस्तोवर पडला. बोअरला पाणी आलं, टँकर गेले, लोकांनी पेढे वाटले. गोळ्यांची आठवण कुणालाच झाली नाही. माणूस हिंडत-फिरत होता, जेवत-खात होता, शेंगाच्या चटणीला आणि लोणच्याला हात आवरत नव्हता. दिसायला काहीच बिघडलं नव्हतं, आणि बीपी हा मोठा गुपचूप काम करणारा आजार आहे.

"आता पुढचं बोला," पंचाक्षरी म्हणाला. "गेलेलं येत न्हाई म्हन्ले. पर हाय तेवढं धरून ठिवता येतंय. गोळ्या येळेवर, रोज बीपी, मीठ कमी, रोज जरा चालनं. मी अप्पाला नांदेडला नेतो. आमच्याकडं नळाला पानी हाय, दवाखाना जवळ हाय. मी सोता बघून राहिलो तर चुकायचं न्हाई."

"ने बाबा," उमाबाई म्हणाली. "हितं काय ठिवलंय."

"बाप नेऊन ठिवा नांदेडला, अन् मोंढ्यात लोक मला इचारू द्या," मन्मथ म्हणाला. "एवढं काय झालंय? मला वळखतात. हिला गंगम्मा म्हनले आसतील, मला मन्मथच म्हनतात. सकाळीच म्हन्ले, मन्मथ, तुरीला काय भाव. ज्याचा बाप लेकाला वळखतो त्याचं काय बिघडलंय?"

खरं होतं ते. घरात अप्पा बाकी कुणालाही कुणीही म्हणत, पण मन्मथ चुकला नव्हता, आणि मन्मथला त्याचा सूक्ष्म गर्वही होता. तेवढ्या एका धाग्यावर त्यानं सगळा आजार टांगून ठेवला होता.

"आजून एक सांगितलंय डॉक्टरनं," पंचाक्षरी म्हणाला आणि मशीनची पिशवी उघडली. "लेकरांना तपासा म्हन्ले. रक्तातनं येतंय. चाळिशी झाली की बघायचं आसतं. माझं बघितलं, वर होतं, गोळी चालू केली मी. अक्का, हात दे."

उमाबाईचं थोडं वर निघालं. मीठ कमी कर, महिन्यानं पुन्हा बघ, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं मशीन मन्मथकडं सरकवलं.

"मला काय धाड झालीय?"

"काय न्हाई झाली तर मशीन बी तेच सांगंल की."

मन्मथनं पैज घेतल्यासारखी बाही वर सारली. पट्टा फुगला, सुटला. वरचा आकडा एकशे चौऱ्याऐंशी. पंचाक्षरीनं त्याला थोडा वेळ शांत बसवलं आणि पुन्हा मोजलं. दोन आकड्यांनी खाली आलं, बस.

"उन्हातनं आलोय मी," मन्मथ म्हणाला. "अन् मशीन नांदेडचं हाय. उदगीरच्या मानसाला वाढवूनच दाखवनार."

"त्यांना मालूम हाय," महानंदा दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. एवढा वेळ ती एक शब्द बोलली नव्हती.

"वरीस झालं. हितल्याच डॉक्टरनं सांगितलंय अन् गोळ्या बी दिल्यात. दुकानात गादीखाली पाकिटं तशीच हाईत. मोर्च्यात, धरन्याला बसल्यावर लघवीला कुठं जायचं म्हनून घेत न्हाईत." ती थांबली. "ती बी पान्याचीच गोळी हाय."

मन्मथ लाल झाला. चारचौघांत बायको आपल्यावर उलटेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसतं. आणि उमाबाई, जी घटकाभरापूर्वी त्याच वहिनीला गुन्हेगार ठरवायला निघाली होती, ती उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. 

---

महानंदा मागच्या मोरीवर भांडी घासत होती. आधी राखेनं कोरडी घासायची, मग एका घमेल्यातल्या पाण्यात बुचकळायची, मग दुसऱ्या. ते उरलेलं पाणी जास्वंदीला. तिच्या हाताला ते सगळं इतकं सवयीचं होतं की तिला रडताना त्याच्यात खंड पाडावा लागला नाही.

मन्मथ येऊन बॅरलाला टेकून उभा राहिला.

"बहिनीच्या म्होरं माझी अब्रू काढायची गरज होती?"

"होती."

"उद्यापासून घेतो म्हन्लं आसतं तर—"

"वरीसभर उद्याच म्हनलालाव."

"जिल्हा होऊ दे एकदा. मग बघ, तब्येतीबिगर दुसरं कामच न्हाई मला."

महानंदानं घासणी खाली ठेवली. "जिल्हा झाला अन् तुमाला गावाचं नाव याद ऱ्हायलं न्हाई, तर? मी काय करू त्या जिल्ह्याचं?"

तो काहीतरी हसण्यावारी नेणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याला जमलं नाही.

"मामंजींचं मी करते," ती म्हणाली. "धोतर बदलते, जेवू घालते, रात्री उठून बघते. करीन शेवटपर्यंत. सून म्हनून आले तवापासून त्यांनी मला एक वाकडा शब्द बोलला न्हाई. अन् त्या उन्हाळ्यात मीच फोन केलता, ते बी मला ठाव हाय. पर त्यांचं झालं तवा आपल्याला कळत न्हवतं. आता कळलंय. कळून तुमी तसंच करनार, अन् मग वीस वर्षं मी तुमचं बी तसंच करायचं? न्हाई करनार. सांगून ठिवते. मला भ्या वाटतंय हो." शेवटचे शब्द तिच्याच तोंडून आलेत याचं तिला नवल वाटलं. इतक्या वर्षांत ती नवऱ्याला रागावली होती, बोलणं टाकलं होतं, पण भीती वाटते असं तिनं कधी सांगितलं नव्हतं.

मन्मथ बॅरलापासून बाजूला झाला. मग आत गेला. तिला वाटलं, गेलं. हाही शब्द पाण्यात गेला.

ती उठली, हात पुसले आणि मागच्या दारानं घरालगतच्या दुकानात गेली. गादी उचलली आणि एक पाकीट काढून सासूच्या हातात आणून दिलं. ते का दिलं हे तिला सांगता आलं नसतं. नवऱ्याशी बोलून झालं होतं. आता त्याच्याशी बोलू शकेल असं घरात एकच माणूस उरलं होतं.

---

मिरवणूक संध्याकाळी निघणार होती. अप्पा ऊन उतरायच्या आधीपासूनच फेटा बांधून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. दरसाल ते मिरवणुकीच्या पुढं चालत. यंदा पंचाक्षरीनं नको म्हटलं होतं. पण फेटा बांधायचं हात विसरले नव्हते आणि आपण जायचं आहे हे ते विसरत नव्हते. दर थोड्या वेळानं ते विचारत, "निघाले का गं?" आणि मल्लम्मा सांगे, "आजून न्हाई."

ती त्यांच्या पायाशी बसली होती. मुठीत पाकीट होतं. दुपारपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या उन्हाळ्यात गोळी बंद करून जे पाणी वाचलं, त्या पाण्याचं आपण केलं काय? तिनं आठवून बघितलं. भांडी घासली असतील. एखादं लुगडं धुतलं असेल. पाहुण्याला तांब्याभर जास्त दिलं असेल. आठवण्यासारखं काहीच नव्हतं. एवढ्या पाण्यासाठी एवढा माणूस गेला. समोर बसलेला होता, फेटा बांधलेला, आणि गेलेला होता. दोन खेपा जास्तीच्या केल्या असत्या, शेजारी हात पसरला असता, कुणी नाही म्हटलं नसतं. ती शिकलेली नव्हती, तिला कुणी सांगितलं नव्हतं, हे सगळं खरं होतं, आणि त्यानं तिला तीळभर बरं वाटत नव्हतं.

तिच्या पोरांनी अजून नांदेडचं ठरवलं नव्हतं. ते ठरेल तसं ठरेल. न्यायचं तर ती बरोबर जाणार होती. पण थोरला इथंच राहणार होता, आणि थोरल्याच्या रक्तात बापाचं रक्त होतं.

मन्मथ आतून बाहेर आला. पांढरा सदरा, खांद्यावर समितीचा गमछा. बापाच्या पाया पडून निघायचं म्हणून तो वाकला. मागं महानंदा आणि उमाबाई, दाराबाहेर चपला घालता घालता थांबलेला पंचाक्षरी.

मल्लम्मानं पाकिटातली एक गोळी काढली, गुळाच्या खड्यावर ठेवली आणि तो खडा अप्पांच्या तळहातावर दिला.

"परसाद द्या," ती त्यांना म्हणाली.

त्या घरात पूजेला बसणाऱ्या हातानं दिलेलं नाकारायची रीत नव्हती. लहानपणी ताप असला तरी, पोटात दुखत असलं तरी, प्रसाद तोंडात टाकायचाच. अप्पांनी दोन बोटांनी खडा उचलला आणि वाकलेल्या माणसापुढं धरला. मन्मथनं त्यावरची पांढरी गोळी बघितली. मग आईकडं बघितलं. मल्लम्मानं नजर हलवली नाही. बाहेर लांबवर हलगी वाजायला लागली होती आणि त्याला उशीर होत होता.

त्यानं ओंजळ पुढं केली. गूळ आणि गोळी दोन्ही तोंडात टाकलं. महानंदानं फुलपात्रभर पाणी पुढं केलं, ते तो घटाघटा प्याला. लेकरासारखं बापाचं ऐकलं त्यानं, पन्नाशीला आल्यावर, बहुतेक पहिल्यांदाच.

अप्पांनी समाधानानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जरा वेळ ठेवला. मग मल्लम्माकडं वळून म्हणाले, "पाव्हनं लई गुनाचं दिसतंय. दिलं की घेतलं, उगं नखरा न्हाई."

 उमाबाईच्या तोंडून 'अप्पा' एवढंच अर्धवट निघालं. मल्लम्मा सांगणार होती, अहो हाच तो, तुमचा थोरला, पण मन्मथच्या चेहऱ्याकडं बघून ती थांबली.

"आमच्या मन्मथला सांगा की जरा," अप्पा त्याचा हात धरून म्हणाले. "माझं कवाच ऐकत न्हाई त्यो."

मन्मथ गुडघ्यावर तसाच बसून राहिला. बापाच्या हातातला हात त्यानं काढून घेतला नाही.

"सांगतो," तो म्हणाला. "ऐकंल आता त्यो."